परदेशगमन आणि गहाणाचा धंदा

मनुष्याने कोणत्या उद्योगाने चरितार्थ चालवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु आपल्या पूर्वजांनी त्याचा विचार सदैव आचारधर्माच्या प्रकरणात केलेला आहे. ज्या वाटेने धान्य घरी येते त्या वाटेची धूळही धान्याबरोबर घरात येते, ही जाणीव त्यामागे होती. म्हणून एखादा नवा धंदा आपल्या समाजात शिरू लागला म्हणजे त्यातील मिळकतीचा आकडा विचारून थांबणे पुरेसे होत नाही. त्या धंद्याचे स्वरूप काय, त्यात दुसऱ्याचे काय जाते आणि आपल्याकडे काय येते, हेही विचारावे लागते.

असा एक धंदा सध्या आपल्या विचारार्थ पुढे आला आहे. शिकलेल्या तरुणाने परदेशी जावे ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. शेजारच्या दमण-दीवची कित्येक कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडातील लेस्टरसारख्या शहरी जाऊन स्थिरावली. मराठी कुटुंबे तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व आखाती देश येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. पूर्वी जाणारा बहुधा इंजिनिअर, डॉक्टर अथवा कारकून असे. आता घरे व जमिनी यांची दलाली, आणि घर तारण ठेवून कर्ज मिळवून देण्याचा व्यवसाय, यांकडेही तरुणांचे लक्ष वळू लागले आहे. हे ऐकून घरातील वडीलधारी मंडळी साशंक होतात. “सात समुद्र ओलांडून अखेर सावकारीच करायची काय?” असे आजोबा विचारतात. “आजोबा, या धंद्याला परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. शिवाय मी नाही केला तर दुसरा कोणी करीलच,” असे नातू उत्तर देतो. आजोबांच्या प्रश्नात तथ्य आहे आणि नातवाच्या उत्तरातही काही तथ्य आहे. मात्र दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा शांतपणे विचार करावयाचा आहे.

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. घर घेणाऱ्याजवळ सगळी रक्कम क्वचितच असते. दलाल त्यास घर दाखवतो आणि खरेदी पार पडली तर किमतीवर टक्केवारी घेतो. कर्जाचा मध्यस्थ त्याच्या कमाईचे कागद पाहतो, निरनिराळ्या पेढ्यांचे दर त्याच्यापुढे मांडतो आणि रक्कम हाती पडली म्हणजे आपला मोबदला घेतो. आपल्या जुन्या दस्तऐवजी भाषेत मिळकतीचा ताबा देऊन केलेल्या गहाणास कब्जेगहाण, ताबा न देता केलेल्या गहाणास नजरगहाण आणि ठरलेल्या मुदतीत पैसे न फेडल्यास कायमची विक्री समजावी अशा कराराला मुदतखरेदी म्हणत. आजचे घरतारण हे नजरगहाणाच्याच जातीचे आहे. इंग्रजीतील ‘मॉर्गेज’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘मृत तारण’ असा आहे. पैसा फेडला नाही तर जमीन ऋणकोस मेली आणि फेडला तर तारण धनकोस मेले, असे त्याचे स्पष्टीकरण जुन्या इंग्रज कायदेपंडितांनी केले आहे. दोन्ही पक्षी काही तरी मरावयाचे. कोणाचे काय मरते यावरच या व्यवहाराची नीती अवलंबून आहे.

आता पहिला आक्षेप घेऊ. व्याज घेणे हेच मुळात पाप आहे काय? जगातील थोर धर्मांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. इस्लामने व्याज निषिद्ध मानले. म्हणूनच १९७५ साली स्थापन झालेल्या दुबई इस्लामिक बँकेसारख्या संस्था घर स्वतः खरेदी करून नफ्याने विकण्याची अथवा भाड्याने देण्याची पद्धत अवलंबतात. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपीठानेही व्याजाला विरोध केला. ज्यू धर्मग्रंथांत आपल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये, परक्याकडून घेण्यास हरकत नाही, असा भेद आढळतो. आपल्या स्मृतिकारांनी व्याजाला बंदी केली नाही. त्यांनी त्यास मर्यादा घातली. मनुस्मृतीत वसिष्ठाच्या नावाने सांगितलेला दर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला शेकडा १५ असा पडतो. व्याज धरून एका वेळची बाकी मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये असा नियम तेथेच आहे. त्यालाच आपण दामदुप्पट म्हणतो आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो पाळला. तारण ठेवलेल्या वस्तूचा धनको उपभोग घेत असेल तर त्याने शिवाय व्याज घेऊ नये, हाही नियम आहे. आणि ज्याने व्याजाचीच हाव धरली त्या वार्धुषिकाचे अन्न वर्ज्य मानले आहे. तात्पर्य, शास्त्राचा रोष कर्ज देण्यावर नसून अमर्याद देण्यावर आणि दुहेरी घेण्यावर आहे.

याच स्मृतीत वर्णानुसार दरमहा शेकडा २, ३, ४ व ५ असे चढते दरही सांगितले आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. जो समाजात सर्वांत खाली, त्याच्यावर सर्वांत जड व्याज! हा अन्याय आज कोणीही विचारी मनुष्य मान्य करणार नाही. परंतु ग्रंथावर बोट ठेवून समाधान मानण्यापूर्वी आजच्या बाजाराकडेही पाहावे. ज्याची कमाई अनिश्चित आणि पत थोडी, त्याच्याकडून आजही चढा दर घेतात. त्यामागे जोखमीचा हिशेब असतो हे खरे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि दुर्बळाच्या दुर्बळतेवरच अधिक नफा उभारण्याचा मोह त्या हिशेबाच्या आडोशास दडून बसू शकतो. ती लबाडी ओळखणे हे या धंद्यात शिरणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

येथे एक साधा हिशेब मांडणे उपयुक्त होईल. कोणी ३ लाख डॉलर ३० वर्षांच्या मुदतीने शेकडा ६ व्याजाने घेतले तर दरमहा हप्ता सुमारे १,७९९ डॉलर येतो. पहिल्या हप्त्यातील १,५०० डॉलर व्याजाकडे जातात आणि मुद्दल फिटते ते अवघे २९९. दहा वर्षे बिनचूक हप्ते भरल्यावर त्याने २ लाख १५ हजारांहून अधिक रक्कम दिलेली असते, परंतु मुद्दल फिटलेले असते सुमारे ४९ हजार. तीस वर्षांअखेर एकूण ६ लाख ४७ हजारांवर रक्कम भरली जाते. यात दामदुपटीचा भंग झाला काय? शास्त्राच्या दृष्टीने नाही, कारण तो नियम एका वेळी साचलेल्या बाकीविषयी आहे आणि येथे व्याज दरमहा चुकते होत असते. शिवाय ऋणको त्या घरात तीस वर्षे राहतो, भाडे वाचवतो, मुले वाढवतो. व्यवहार धर्म्य असू शकतो. पण हा हिशेब किती ऋणकोंना सही करण्यापूर्वी कोणी समजावून सांगतो? जो मध्यस्थ हा कागद पुढे ठेवून अक्षरशः वाचून दाखवतो आणि जो केवळ मासिक हप्त्याचा आकडा सांगून लेखणी हाती देतो, त्या दोघांचा परवाना एकच असला तरी धंदा एक नव्हे.

आता आपल्या भूमीकडे वळू. कारण गहाण, उपभोग आणि मालकी यांचा जसा धडा नगर हवेलीने घेतला आहे तसा थोड्याच प्रदेशांनी घेतला असेल. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वार्षिक १२ हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. द्यावयाचा होता तो वसूल; परंतु वसूल घेणारा हळूहळू धनी होऊन बसला. पुढे १९५४ साली दादरा, नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांचे मूळ देणे हे जहागीर अथवा सरंजाम या स्वरूपाचे, म्हणजे वसुलाच्या हक्काचे होते, सार्वभौमत्वाचे नव्हते, असे मत दिले. पोर्तुगीजांची सत्ता त्यानंतर इंग्रजांच्या मान्यतेने रूढ झाली, असेही म्हटले. वसुलाच्या उपभोगाचा हक्क आणि मालकी यांतील रेषा पुसली गेली म्हणजे ती पुन्हा आखण्यास पावणेदोनशे वर्षे लागतात, हे या भूमीचे अनुभवसिद्ध ज्ञान आहे.

आणि ही रेषा केवळ राजांच्या तहात पुसली गेली असे नव्हे. पोर्तुगीज अमदानीत येथील जमिनी अलवारा व तेरेम या पद्धतींनी धारण केल्या जात. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने त्या पद्धती रद्द करण्यात आल्या. दरम्यानच्या काळात जंगल तोडून जमीन कसणारे वारली, कोकणा, धोडिया कूळ होऊन राहिले. सीमेपलीकडे डहाणू व उंबरगाव तालुक्यांत तर लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी वारली जोडपे जन्मभर धनकोच्या शेतावर राबत असे. अशा गड्यास लग्नगडीच म्हणत. १९४५ साली तलासरीच्या परिसरात वारल्यांनी जो लढा उभारला आणि गोदावरी परुळेकर ज्याच्या अग्रभागी होत्या, तो वेठबिगारीविरुद्धचा लढा होता. तेथे जमीन गहाण पडली नव्हती, कारण गहाण टाकण्यास जमीनच उरली नव्हती. माणूस गहाण पडला होता. ज्या मुलखात हे घडले त्या मुलखाच्या मुलाने परदेशी जाऊन कोणाच्या छपराचे गहाण लिहून घेताना हे आठवावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

तथापि दोष कर्जात नेमका कोठे शिरतो हे कळण्यासाठी पुणे व नगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांकडे पाहिले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि तो वणवा अनेक गावांत पसरला. त्यांचा रोख विशेषेकरून खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागद हाती आले की ते जाळून टाकीत. सावकारांपैकी बरेच दूरदेशीहून येऊन स्थायिक झालेले होते, परंतु देशस्थ सावकारही कमी नव्हते. तेव्हा दोष कोणत्याही एका जातीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खरे कारण निराळे होते. पूर्वी सावकारास गावाची भीड असे. वसूल फार ताणला तर गाव बोलत असे, आणि कुणबी बुडाला तर सावकारही बुडत असे. इंग्रजी न्यायालयांनी खतावरील सही तेवढी पाहिली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडले, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहून घेऊ लागले. जो कायदा ऋणकोच्या हितासाठी म्हणून झाला, त्यानेच त्याचे ऋण चक्रवाढीने फुगवले. सरकारला १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करून न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार द्यावा लागला.

यावरून निष्पन्न काय होते? कर्ज देणारा परका आहे एवढ्याने व्यवहार दूषित होत नाही. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे दैव एकमेकांपासून तुटले, घेणारा बुडाला तरी देणाऱ्याचे काहीच बुडेनासे झाले, म्हणजे तो दूषित होतो. जवळचा मनुष्यही अशा रीतीने दूर असू शकतो, आणि दूरचा मनुष्य जवळ येऊ शकतो.

या दुराव्याने परिपूर्ण रूप कोठे घेतले असेल तर ते अमेरिकेत, २००८ पूर्वीच्या काही वर्षांत. घरतारण कर्ज देणारी पेढी ते कर्ज आपल्या वहीत ठेवीत नसे. हजारो कर्जांची मोट बांधून तिचे रोखे जगभर विकले जात. मध्यस्थास मोबदला मिळे तो कर्ज दिल्याबद्दल. ते फिटते की नाही याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. इतकेच नव्हे, तर ऋणको ज्या दरास पात्र असे त्याहून चढ्या दराचे कर्ज त्याच्या गळ्यात घातले तर मध्यस्थास पेढीकडून अधिक बक्षिसी मिळण्याची चाल होती. पहिली दोन वर्षे हलका हप्ता आणि पुढील अठ्ठावीस वर्षे बाजाराप्रमाणे बदलणारा, अशी कर्जे अल्प पतीच्या लोकांना देण्यात आली. कमाईचा पुरावाही कित्येकदा मागितला गेला नाही. घरांच्या किमती चढत होत्या तोवर हे खपले. त्या उतरताच लक्षावधी कुटुंबे घरास मुकली आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्ससारखी जुनी पेढी दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास दुबईतही किमती कोसळल्या आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींत अनेकांची बचत अडकली.

या सुमारापासून राज्यकर्त्यांना जाग येऊ लागली. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने कर्जमध्यस्थांस परवाना आवश्यक ठरला आणि परवान्यापूर्वी किमान २० तासांचे शिक्षण लावले. त्यांत ३ तास नीतिविचाराचे आहेत. २०११ पासून कर्जाच्या अटी जितक्या जाचक तितका मोबदला अधिक, ही रीत बंद करण्यात आली. २०१४ पासून ऋणको कर्ज फेडू शकेल काय याची रास्त चौकशी करणे धनकोवर बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून मध्यस्थाने ग्राहकाचेच सर्वोत्तम हित पाहिले पाहिजे असे कर्तव्य कायद्याने घातले. दुबईत तर किमती कोसळण्यापूर्वीच, २००७ च्या कायद्याने बांधकामापूर्वी घेतलेला ग्राहकाचा पैसा निराळ्या विश्वस्त खात्यात ठेवणे भाग पडले. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर मिळकतीचे मूळ कागद ३० दिवसांच्या आत परत न केल्यास बँकेस दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हे नियम नीट पाहिले तर त्यांत नवे असे काही नाही. दख्खनच्या कायद्याने आणि स्मृतींनी जी गोष्ट आपापल्या भाषेत सांगितली तीच येथे नव्या भाषेत आहे: घेणाऱ्याची ऐपत पाहा, दुहेरी घेऊ नका, फिटल्यावर तारण सोडा.

मग नातवाचे म्हणणे खरे ठरले काय? धंदा कायद्याने बांधलेला आहे, परवाना आहे. आता नीतीचे काय काम? येथेच सावध राहिले पाहिजे. वरीलपैकी अमेरिकेतील नियम लक्षावधी लोक बुडू लागल्यानंतर झालेले आहेत. ते बुडत असताना त्यांना कर्ज देणारे बहुसंख्य मध्यस्थ त्या वेळच्या कायद्याच्या चौकटीतच वागत होते. कायदा बहुधा मागून येतो. त्याच्या येण्यापूर्वीच्या अंतरात मनुष्याला स्वतःच्या विवेकाखेरीज दुसरा परवाना नसतो.

“मी नाही केला तर दुसरा करील” हे उत्तर तर याहून दुर्बळ आहे. दुसरा करील हे कदाचित खरे असेल. पण त्याने पापाचा कर्ता तेवढा बदलतो, आणि नीतीच्या विचारात कर्ता कोण हाच तर प्रश्न असतो. तथापि या उत्तरामागे एक खरी अडचण आहे, तिची दखल घेतली पाहिजे. पेढीचा नोकर स्वतंत्र नसतो. दर त्याने ठरविलेला नसतो. पैसा त्याचा नसून ठेवीदारांचा असतो. दया आली म्हणून तो कोणाचे कर्ज माफ करू शकत नाही.

या अडचणीवर प्रकाश टाकणारी एक घटना आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. देहूच्या तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. दुष्काळानंतर विरक्ती आली तेव्हा त्यांनी लोकांकडील खतपत्रे इंद्रायणीत सोडून दिली. ही कथा आपण त्यागाची म्हणून ऐकतो. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. तुकोबांनी सारी खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाटणीची निम्मी त्यांनी त्यांच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची तेवढी सोडली. दुसऱ्याच्या हक्काच्या पैशाने उदार होणे म्हणजे औदार्य नव्हे, हे त्या महापुरुषाने विरक्तीच्या ऐन भरातही विसरले नाही. नोकरी करणाऱ्याने यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. ठेवीदारांचा पैसा ही कान्होबांची वाटणी आहे. ती बुडविण्याचा त्यास अधिकार नाही. परंतु स्वतःच्या वाटणीचे असे काही प्रत्येकाजवळ असतेच. आपली टक्केवारी ही आपली वाटणी आहे, आपला शब्द ही आपली वाटणी आहे. “हे घर तुम्हाला झेपणार नाही, दोन वर्षे थांबा,” असे सांगून हातचे गिऱ्हाईक परत पाठविणे ज्यास साधते, त्याने आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत सोडली असे समजावे. ज्यास ते कधीच साधत नाही त्याने वडिलांच्या शंकेस उत्तर दिले असे म्हणता येणार नाही.

आणखी एक सूक्ष्म प्रसंग परदेशी या धंद्यात वारंवार येतो. नवख्या दलालाचे पहिले गिऱ्हाईक बहुधा आपलाच देशबांधव असतो. मराठी बोलणारा मुलगा भेटला, गणेशोत्सवात ओळख झाली, आईच्या हातच्या भाकरीची आठवण निघाली, की परक्या देशातील एकाकी मनुष्य कागद न वाचताच सही करतो. हा विश्वास म्हणजे त्याने ठेवलेले तारणच होय. त्याची नोंद कोठेही होत नाही, आणि म्हणूनच ते गिळंकृत करणे सर्वांत सोपे असते. मनूच्या नियमाची येथे आठवण होते: तारणाचा उपभोग घेत असाल तर वर व्याज घेऊ नका. ज्याच्या विश्वासाचा लाभ तुम्ही घेतला त्याच्याकडून चढी दलाली घेणे हे दुहेरी घेणे आहे. आपल्या माणसास परक्याहून अधिक स्पष्टपणे हिशेब सांगणे, त्यास दुसरीकडेही दर विचारण्यास पाठविणे, हेच त्या नात्याचे पालन आहे.

उलटपक्षी, आपलेपणाची दुसरी बाजूही आहे. पुष्कळ गिऱ्हाईक विचारते, “आपली वस्ती कोठे आहे? अमुक लोक शेजारी नकोत.” अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश, वर्ण, धर्म अथवा राष्ट्रीय मूळ पाहून घर नाकारणे किंवा गिऱ्हाइकास विशिष्ट वस्तीकडे वळविणे हा अपराध ठरविला आहे. त्यापूर्वीच्या काळात काळ्या वर्णाच्या लोकांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रेषेने दाखवून तेथे कर्ज नाकारीत. आपल्या मुंबईतही जात, धर्म अथवा आहार विचारून घर नाकारल्याच्या तक्रारी आपण ऐकतो. परदेशी आपण स्वतः परके असतो. कोणी आपल्याला नाव पाहून घर नाकारले तर आपल्याला वेदना होतात. तीच वेदना दुसऱ्यास देण्याचे साधन आपण होऊ नये. ‘आपला’ आणि ‘परका’ यांसाठी दोन नीती ठेवण्याची सवय ज्या समाजाने लावून घेतली, त्यास स्वतः परका झाल्यावर तक्रारीस जागा राहत नाही.

शेवटी घरच्या गोष्टीकडेही दृष्टी टाकली पाहिजे. परदेशगमनाचा खर्च मोठा असतो आणि शिक्षणासाठी मोठे कर्ज काढताना बँक बहुधा तारण मागते. ते तारण म्हणजे आईवडिलांचे राहते घर असते. दुसऱ्याच्या गहाणाचा धंदा करण्यास निघालेल्या मुलाने प्रथम स्वतःसाठी गहाण पडलेल्या घराचे कागद वडिलांसमवेत बसून वाचावेत. हप्ता किती, दर बदलणारा की स्थिर, मुदत किती, नोकरी लागली नाही तर कोण भरणार, हे आजोबांना समजेल अशा मराठीत सांगावे. ज्यास आपल्या घरच्यांना हे समजावता आले, तो परक्यास समजावू शकेल. आणि पुढे पैसा मिळू लागल्यावर तो सिल्वासा, खानवेल अथवा नरोली येथे केवळ भाव चढेल म्हणून जमीन धरून ठेवण्यात घालावयाचा काय, याचाही विचार व्हावा. कारखान्यांमुळे येथे दूरदूरहून आलेला कामगार एकेका खोलीत चौघे-पाच जण राहतो आणि ज्याची मूळची भूमी तो आदिवासी तिच्या कडेला सरकत जातो. परदेशात न्यायाने वागून मिळविलेला पैसा स्वदेशात अन्यायाचे कारण होऊ शकतो.

सारांश, गावी राहून मनुष्य निर्मम होऊ शकतो आणि सातासमुद्रांपलीकडे राहूनही शेजारधर्म पाळू शकतो. म्हणून देश सोडणे हा स्वतः अधर्म नव्हे. गरजूस घर मिळवून देणे हे उपयुक्त आणि मानाचे काम आहे, म्हणून हा व्यवसायही स्वतः अधर्म नव्हे. परंतु त्यात शिरणाऱ्याने तीन प्रश्न आपणास नित्य विचारावेत. या मनुष्याने ही सही करू नये असे मला दिसले तर तसे सांगण्याची मोकळीक माझ्याजवळ आहे काय? तो बुडाला तर माझे काही, निदान माझे नाव तरी, बुडते काय? आणि माझ्या मोबदल्याचा सारा हिशेब त्याच्यासमोर वाचून दाखविण्यास मी तयार आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी देता येत असतील तर वडीलधाऱ्यांनी निःशंक मनाने आशीर्वाद द्यावा. एकाही प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळली, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, ती नोकरी सोडून दुसरी शोधावी. दुसरी नोकरी मिळण्यास दिवस लागतील. पण तेवढे दिवस घरच्यांनी त्याला सांभाळून घ्यावे, कारण मुलाने सन्मार्गाने मिळवावे अशी इच्छा धरणाऱ्या कुटुंबाने त्याची किंमत एकट्या मुलावर टाकणे योग्य नव्हे.